वळिवड्याची पोलिश शाळा

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. या लौकिकाचे मूळ शोधू गेल्यास पावले कसबा बावड्याकडे वळतात. तेथील लक्ष्मी-विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी शाहू महाराज जन्मले. १९०१ पासून त्यांच्या आश्रयाने नगरात एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. परंतु बावड्याच्या पूर्वेस, थोड्याच अंतरावर, वळिवड्याला पाच वर्षे एक परदेशी शाळा नांदून गेली. आमच्या शिक्षणाच्या इतिहासात तिची नोंद सहसा कोणी घेत नाही.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोविएत फौजा पूर्व पोलंडात शिरल्या आणि फेब्रुवारी १९४० पासून तेथील कुटुंबेच्या कुटुंबे सैबेरियात व कझाकस्तानात हद्दपार झाली. जुलै १९४१ च्या करारानंतर सुटका झालेल्यांपैकी बरेच जण १९४२ मध्ये इराणात पोचले. त्यांतील सुमारे पाच हजारांसाठी १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवड्याची छावणी वसली. वस्ती मुख्यतः स्त्रियांची व मुलांची; कर्ते पुरुष आघाडीवर, तुरुंगात किंवा मातीआड.

या लोकांनी प्रार्थनामंदिर आणि शाळा यांची व्यवस्था आधी लावली. काटेकोर बोलावयाचे तर ही मिशनची शाळा नव्हे. तिचा अभ्यासक्रम युद्धपूर्व पोलंडचा होता : सहा वर्षे प्राथमिक, चार वर्षे ‘जिम्नाझियुम’, दोन वर्षे ‘लिसेयुम’ आणि शेवटी ‘मातुरा’ ही परीक्षा. पण धर्मशिक्षण हा त्या अभ्यासक्रमाचा सक्तीचा विषय होता, आणि विद्यार्थी जवळजवळ सारे कॅथलिक. ३ मे हा त्यांच्या १७९१ च्या राज्यघटनेचा दिवस, आणि पोलंडची राणी म्हणून मेरीमातेचा सणही त्याच दिवशी! देश कोठे संपतो आणि धर्म कोठे सुरू होतो, हे त्या मुलांना सांगता आले नसते. त्यांच्या शिक्षकांनाही बहुधा नाही.

हद्दपारीत मुलांची दोन-दोन वर्षे बुडाली होती. त्यामुळे मिसरूड फुटू लागलेला मुलगा लहानग्यांच्या वर्गात बसे. पोलिश पुस्तके मिळणे दुर्घट. त्यांतील काही थेट जेरुसलेमला छापली जात. बाहेर पंचगंगा वाहत असे आणि आत भूगोल विस्तुलेचा. नाताळच्या सुमारास कोल्हापूरच्या शिवारात गुऱ्हाळे पेटतात; पोलिश रिवाजाप्रमाणे आभाळात पहिला तारा दिसेपर्यंत सणाच्या जेवणाला हात लावावयाचा नाही. थंडीबर्फातला हा सण त्या मुलांनी उसाच्या मुलखात पाळला. शाळेबाहेर स्काऊट पथकांचा मोठाच आधार होता. त्यांचे काम पाहणारे झ्जिस्लाव पेश्कोव्स्की हे कोझेल्स्कच्या कैदेतून वाचलेले अधिकारी. त्यांचे सोबती कातिनच्या अरण्यात मारले गेले होते. पुढे १९५४ मध्ये ते स्वतः धर्मगुरू झाले.

खरा घाव मात्र युद्ध जिंकल्यावर बसला. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड रशियाला देऊन टाकला. यातील बहुतेक मुलांची गावे त्याच पट्ट्यातली. जुलैमध्ये इंग्लंडने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. ज्या देशात परतण्यासाठी ही सारी घोकंपट्टी चालली होती, त्याचा नकाशाच बदलला. तरीही वर्ग चालू राहिले. याला कोणी हट्ट म्हणेल. मला वाटते, त्या शिक्षकांपाशी मुलांना देण्याजोगे दुसरे काहीच उरले नव्हते.

१९४६ मध्ये नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला सांभाळलेली अनाथ मुलेही येथे आली. आणि १९४८ पर्यंत सारी छावणी पांगली. पुष्कळ जण इंग्लंडला गेले. काहींनी आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका गाठली. पोलंडला परतले ते थोडेच. छावणीच्या जागेवर फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे राहू लागली आणि त्या वस्तीचे गांधीनगर झाले. त्यांच्या मुलांनीही पाट्या-दप्तरे काढली; त्यांचीही गावे नकाशात आता सीमेपलीकडे होती.