सुट्टीवर येऊन दात बसवताय? आधी दिवस मोजा

दुबई, मस्कत, लंडनहून गावी येणाऱ्यांच्या कामांच्या यादीत दातांचं काम हमखास असतं. तिकडचा खर्च परवडत नाही आणि विम्यात मोठं काम बहुतेकदा बसत नाही. मग बेळगाव, मडगाव किंवा बडोद्याला आल्यावर ‘एकदाचं उरकून टाकू’ असं ठरतं. पैसे वाचतात हे खरं, पण सुट्टी कमी आहे म्हणून जखम लवकर भरत नाही. बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

कोणत्या कामाला किती वेळ?

दात साफ करणं, भरणं हे एक-दोन भेटींत होतं. रूट कॅनलला एक ते तीन भेटी लागतात. त्यानंतर कॅपचं माप घ्यायचं, ती लॅबमधून बनून यायची, बसवून चावून बघायची. तीन आठवड्यांच्या सुट्टीत हे जमतं, पण सुरुवात पहिल्याच आठवड्यात हवी.

दात काढल्यावर त्या जागी रक्ताची गाठ धरते. ती निघून हाड उघडं पडलं, तर दोन-चार दिवसांनी जोराची कळ येते. त्यामुळे विमानाच्या आदल्या दिवशी दात काढू नये.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाडाने तो घट्ट धरायला साधारण 3 ते 6 महिने जातात. काहींना त्याच दिवशी तात्पुरता दात बसवता येतो, पण सगळ्यांना नाही. सरळ मार्ग म्हणजे या सुट्टीत स्क्रू, पुढच्या सुट्टीत दात.

परत गेल्यावर कोण बघणार?

कॅप उंच लागली, हिरडी सुजली, स्क्रू सैल झाला, तर तिकडचे डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला कां-कू करतात. इम्प्लांटच्या कंपनीप्रमाणे सुटे भागही वेगळे असतात. कंपनीच माहीत नसेल तर दुरुस्ती अडते, आणि वाचलेले पैसे पुन्हा तिकिटात जातात.

घासलेला दात परत येत नाही

कॅपसाठी दात घासला की वरचं इनॅमल पुन्हा तयार होत नाही. ब्रिटनमधून तुर्कस्तानात जाऊन चांगल्या दातांवरही कॅप बसवून आलेल्या अनेकांना नंतर याचा पस्तावा झाला. ‘सगळ्याच दातांना कॅप घाला’ असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा.

खुर्चीत बसण्याआधी

- डॉक्टरांची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे का, बघा.
- हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करतात का, विचारा. विचारण्यात संकोच नको.
- मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडं ठिसूळ होण्यावरच्या गोळ्या, सिगारेट, तंबाखू, काहीही लपवू नका.
- विमानाची तारीख पहिल्याच भेटीत सांगा.
- एक्स-रे, बिल आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं कंपनी व बॅच नंबरचं लेबल सोबत घ्या. मोबाइलवर फोटोही ठेवा.

चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास असेल, तर तिकिटाचा विचार बाजूला ठेवा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा. असा संसर्ग गळ्यापर्यंत पसरला तर जिवावर बेततं.