शरणपूरची प्रार्थना : ख्रिस्ती उपासनेच्या खरेपणाचा एक ऐतिहासिक विचार

नाशिकहून पुण्यास जाणाऱ्या रस्त्यावर सिन्नर हें पहिलें मोठें गांव लागतें. आरंभींच्या यादवांची ही राजधानी. आणि गांवाबाहेरील गोंदेश्वराचें देवालय पाहिल्यावांचून कोणीहि इतिहासाभ्यासी येथून पुढें जात नाहीं. मध्यें महादेव व चार कोनांस विष्णु, सूर्य, देवी व गणपति यांचीं लहान देवळें, अशी ही शैव पंचायतनाची रचना आहे. तिचीं मापें घेतां येतात, शिल्पाच्या शैलीवरून काळहि ठरवितां येतो. परंतु तेथें शतकानुशतकें जे हात जोडले गेले, त्यांपैकीं किती मनापासून जोडले गेले, हें सांगणारा शिलालेख कधींहि सांपडणार नाहीं. उपासनेचें बाह्य रूप इतिहासाच्या हातीं लागतें, अंतरंग निसटतें, ही संशोधकाची नेहमींची अडचण आहे.

तथापि कांहीं प्रसंगीं हें अंतरंगहि अंशतः उघडें पडतें. नित्याच्या उपासनेचें रूप जेव्हां मोडतें, बदलतें, किंवा परक्या मुलखांत कोणाच्याहि देखरेखीवांचून एकट्यानें चालवावें लागतें, तेव्हां उपासक कशास धरून होता हें कळून येतें. असा एक प्रसंग सिन्नरपासून दहा कोसांच्या आंत असलेल्या, नाशकांतील शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीच्या इतिहासांत आहे. त्या निमित्तानें, ख्रिस्ती धर्मांत देवास मान्य होणारी उपासना कोणती समजली जाते आणि मराठी प्रांताच्या इतिहासांत या कसोटीचा अनुभव कसा आला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम कसोटी पाहूं. योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत शोमरोनी स्त्रीची कथा आहे. यहूदी लोक यरुशलेमेस आणि शोमरोनी लोक गरिज्जीम डोंगरास उपासनेचें खरें स्थान मानीत. त्यांचा हा वाद कित्येक शतकांचा होता. खरें स्थान कोणतें, असा तिचा प्रश्न. येशूचें उत्तर असें कीं, डोंगर किंवा नगर यांवर आतां कांहीं अवलंबून राहणार नाहीं. उपासना आत्म्यानें व खरेपणानें झाली पाहिजे. याच्याहि पूर्वीं, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकांत, आमोस संदेष्ट्यानें सांगून ठेवलें होतें कीं, गरिबांस नाडणाऱ्यांचे सण व गायन देवास नकोसे होतात. मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत तर आज्ञा अगदीं व्यवहाराची आहे : वेदीपाशीं दान घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनांत तुझ्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें, तर दान तेथेंच ठेव, आधीं भावाशीं समेट कर, मग ये. या सर्व वचनांचा मेळ घातला तर कसोटीचीं दोन अंगें निघतात. देवापुढें उपासकानें आपलें खरें रूप लपवूं नये, हें एक. आणि शेजाऱ्याशीं अन्यायानें वागून देवाशीं गोडीनें बोलूं नये, हें दुसरें. स्थान, भाषा, चाल, पुस्तक हीं सर्व यांच्या मागून येतात.

आतां शरणपूर. चर्च मिशन सोसायटीचें काम नाशकांत १८३२ सालीं सुरू झालें. पुढें १८५० नंतरच्या दशकांत रेव्हरंड प्राइस यांच्या देखरेखीखालीं शरणपूरची वसाहत उभी राहिली. तेथें शाळा होती, सुतारकाम, लोहारकाम इत्यादि धंद्यांचें शिक्षण होतें, आणि प्रार्थनामंदिर होतें. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलामांचा व्यापार करणारीं गलबतें इंग्रजी आरमार पकडीत असे. त्यांतून सुटलेलीं मुलें मुंबईस उतरविलीं जात आणि त्यांतील कित्येकांची रवानगी शरणपुरास होई. आईबाप, गांव व भाषा हरवलेलीं हीं मुलें गोदाकांठीं लिहावयास, रंधा मारावयास व प्रार्थना म्हणावयास शिकलीं.

या ठिकाणीं एक आक्षेप प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. हीं मुलें स्वेच्छेनें आलेलीं नव्हतीं. सकाळसायंकाळची प्रार्थना हा त्यांच्या दिनक्रमाचाच भाग होता. प्रार्थनेचे शब्द परक्यांचे. फार काय, कित्येकांचीं नांवेंहि दुसऱ्यांनीं ठेवलेलीं. अशा उपासनेस खरी म्हणावें कसें? शरणपुरांतील एखाद्या रविवारचें वर्णन पुढें ठेवून या आक्षेपास उत्तर देतां येणार नाहीं. उत्तर मिळतें तें आफ्रिकेच्या अरण्यांत.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ सालीं आपल्या अखेरच्या प्रवासास निघाला तेव्हां नाशिकच्या शाळेंतील नऊ तरुण त्याजबरोबर होते. त्यांपैकीं कित्येकांनीं वाटेंत साथ सोडली, ही गोष्टहि नमूद केली पाहिजे. शाळेच्या शिक्षणानें सर्वच सारखे घडले असें नाहीं. १८७२ सालीं नाशिकचे आणखी सहा तरुण त्यास जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट हा एक होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं, आजच्या झांबिया देशांत असलेल्या चितांबो या गांवीं लिव्हिंग्स्टन वारला. त्याच्या माणसांनीं त्याचें हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरलें. त्या वेळीं मृताच्या संस्काराची प्रार्थना जेकब वेनराइटनें वाचली आणि झाडाच्या खोडावर मृताचें नांव कोरलें. पुढें तें शव मीठ लावून, उन्हांत वाळवून, हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत या लोकांनीं समुद्रकांठीं बागामोयो येथें आणलें. या प्रवासास सुमारें नऊ महिने लागले. मध्यंतरीं उन्यान्येंबे येथें भेटलेल्या कॅमेरून या इंग्रज अधिकाऱ्यानें शव तेथेंच पुरावें असें सुचविलें. तें त्यांनीं मानलें नाहीं. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें अंत्यविधि झाला, तेव्हां शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत वेनराइट होता.

चितांबोच्या प्रार्थनेकडे कसोटीच्या दृष्टीनें पाहावें. तेथें मंदिर नव्हतें, दीक्षित धर्मगुरु नव्हता, ऐकणाऱ्यांत मुसलमानहि होते. वाचणारा एकेकाळचा गुलाम; प्रार्थना इंग्रजी. पाहून शाबासकी देणारा किंवा चुकल्यास शासन करणारा मिशनरी हजारों मैल दूर होता. वाचून झाल्यावर शव तेथेंच ठेवून निघून जाणें सोपें होतें. लोकांनीं अधिक कठीण मार्ग पत्करला. वेनराइटच्या मनांत त्या क्षणीं काय होतें हें कोणास सांगतां येणार नाहीं. पण तोंडानें म्हटलेल्या प्रार्थनेपुढें पायांनीं हजार मैलांची साक्ष दिली, एवढें कागदोपत्रीं सिद्ध आहे. शिकविलेले शब्द केवळ शिकविलेले म्हणून खोटे ठरत नाहींत, असा निष्कर्ष यांतून निघतो. आपण बोलतों ती मातृभाषाहि कोणीतरी शिकविलेलीच असते.

मग भाषेचा व रीतीचा प्रश्न सर्वस्वीं गौण मानावा काय? मराठी प्रांताचा इतिहास तसेंहि म्हणूं देत नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. नव्या ख्रिस्त्यांचीं जुनीं पुराणें गेलीं आणि त्या जागीं मनास धरील असें कांहीं मिळालें नाहीं, ही उणीव त्यांनीं ओळखली व सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. तें प्रथम १६१६ सालीं छापलें गेलें आणि १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापावें लागलें. लोकांनीं तें आपलें मानलें याची ही खूण होय. उलट १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढला कीं, देशी लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. हुकमानें जीभ फिरविण्याचा हा यत्न होता, आणि भाषा मात्र नष्ट झाली नाहीं. लॅटिन भाषेंतील मिस्सा तर पुढें जवळजवळ तीनशें वर्षें चालूच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनाविधींत लोकभाषांस वाट करून दिली, तेव्हां कोठें ती स्थिति पालटली.

हाच प्रश्न प्रॉटेस्टंट मंडळींत नारायण वामन टिळक यांनीं वेगळ्या रीतीनें उभा केला. टिळकांचा नाशिकशीं निकटचा संबंध. संस्कृताचें अध्ययन त्यांनीं नाशकांत गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं केलें, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळील जलालपूरच्या. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढील बराच काळ अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्यें गेला. मंडळींत गाइलीं जाणारीं बरीचशीं गीतें इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरें होतीं. टिळकांनीं अभंग, ओवी व पदें यांचा अंगीकार केला. उपासनासंगीत या गीतसंग्रहांत त्यांचीं दोनशेंहून अधिक पदें आलीं. १९१७ सालीं मिशनची वेतनी नोकरी सोडून त्यांनीं देवाचा दरबार ही संस्था स्थापिली आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांस तीत एकत्र घेतलें.

टिळकांच्या या खटाटोपाचा अर्थ पुष्कळदां संकुचित केला जातो. परदेशी चाल देवास आवडत नाहीं व देशी चाल आवडते, असा सिद्धान्त त्यांतून काढला, तर योहानाच्या चौथ्या अध्यायांतील डोंगर व नगर यांचाच वाद पुन्हां उकरल्यासारखें होईल. शिवाय चितांबोची इंग्रजी प्रार्थना त्या सिद्धान्ताच्या आड येते. खरी गोष्ट अशी कीं, वेनराइटजवळ दुसरी प्रार्थना उरलेलीच नव्हती; जी होती ती त्यानें मनापासून वाहिली. मराठी ख्रिस्त्याजवळ मात्र ज्ञानोबा-तुकोबांची भाषा होती. ती दाराबाहेर ठेवून मंदिरांत येणें म्हणजे आपल्या अंतःकरणाचा मोठा भाग बाहेर ठेवून येणें होतें. देवापुढें आपलें खरें रूप लपवूं नये, या पहिल्या अंगाचीच ही मागणी आहे. तेव्हां अभंगाचा आग्रह हा देवाच्या आवडीचा प्रश्न नसून उपासकाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे.

दुसरें अंग अधिक कठीण, तें शेजाऱ्याचें. करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत पौलानें पहिल्या शतकांतच तक्रार केली आहे कीं, एकत्र जमल्यावर संपन्न लोक आधीं जेवून घेतात व गरीब उपाशी राहतात; अशा जेवणास प्रभुभोजन म्हणतां येणार नाहीं. हिंदुस्थानांत हाच दोष जातीच्या रूपानें उभा राहिला. दक्षिणेंतील कित्येक जुन्या मंडळ्यांत जातींच्या बैठका वेगळ्या असत. १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं पत्रक काढून मंडळींत जातिभेद अजीबात ठेवूं नये असें फर्मावलें. त्याच सालीं अहमदनगरची मंडळी स्थापन झाली. तीत आरंभीं बहुतेक हलक्या मानलेल्या जातींचे व निराश्रित लोक होते. १८३९ सालीं हरि रामचंद्र खिस्ती हे ब्राह्मण गृहस्थ तीत आले. प्रभुभोजनाची भाकर व प्याला तेथें सर्वांस एकच. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्याच्या शेजारीं बसून त्याच प्याल्यास ओंठ लावणें, हें त्या काळीं कोणत्याहि स्तोत्रगायनाहून जड होतें.

लक्ष्मीबाईंचें उदाहरण येथें विशेष उपयोगी आहे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पांच वर्षें त्या आपल्या आचारास धरून राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. स्मृतिचित्रांवरून दिसतें कीं, त्यांच्या मनांतील खरी लढाई ईश्वरविषयक मतांपेक्षां सोंवळ्याओंवळ्याशीं होती. जातिभेद देवानें केलेला नसून माणसांनीं केलेला आहे, असा निश्चय झाल्यावर त्यांनीं कोणाच्याहि हातचें अन्नपाणी घेण्याचें ठरविलें, आणि बाप्तिस्मा त्यानंतर आला. वेदीपाशीं येण्यापूर्वीं भावाशीं समेट, हा मत्तयांतील क्रमच त्यांच्या चरित्रांत दिसतो. तथापि हा समेट सर्वत्र पूर्ण झाला असें म्हणणें सत्यास सोडून होईल. विवाहसंबंधांत पूर्वीच्या जातीची जाणीव मराठी ख्रिस्ती समाजांत पुढेंहि टिकून राहिली. एका प्याल्यांतून पिणारे एका घरांत सोयरीक करण्यास कचरत राहिले, तेथवर कसोटी अपुरीच उतरली.

शरणपूरचा आफ्रिकी आश्रम फार काळ टिकला नाहीं. १८७४ सालीं प्राइस पूर्व आफ्रिकेस गेले, मोंबासानजीक फ्रिअर टाउन ही वसाहत वसली, आणि नाशिकच्या मुलांपैकीं पुष्कळ तिकडे गेलीं. नाशकांत शरणपूर हें नांव मात्र आजहि चालू आहे.

एतावता असें दिसतें कीं, उपासना परक्या शब्दांत असूनहि खरी असूं शकते, स्वभाषेंत असूनहि पोकळ असूं शकते, आणि दोहोंचा निकाल मंदिराबाहेरील वर्तनावरून लागतो. ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासाचीं साधनें म्हणून आजवर गीतसंग्रह, मिशनांचे अहवाल व चरित्रें यांकडे अधिक लक्ष गेलें आहे. त्यांच्या जोडीला बाप्तिस्म्यांच्या व विवाहांच्या नोंदवह्या, पंक्तींचे वाद, विहिरींचे तंटे यांची छाननी झाली पाहिजे. गोंदेश्वराच्या दगडांवरून तेथील उपासकाचें मन कळत नाहीं, तसें प्रार्थनामंदिराच्या भिंतींवरूनहि कळणार नाहीं. प्रार्थना संपल्यावर तो कोणाबरोबर जेवला व कोणाचें ओझें त्यानें उचललें, याचा कागद मिळाला तर मात्र थोडेंफार कळेल.