लाल परीचं वय : नवीन गाडी कधी घ्यायची, या प्रश्नाचा इतिहास

हेडफोन लावून एसटीतूनच हा भाग ऐकत असाल तर उत्तमच, कारण आज विषय तुम्ही बसलाय त्या गाडीचाच आहे.

दोन तारखा सांगतो. १ जून १९४८ : नगरहून पुण्याला पहिली एसटी निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. १ जून २०२२ : त्याच रस्त्यावर, पुण्याहून नगरला, एसटीची पहिली विजेवरची ‘शिवाई’ धावली. मध्ये बरोबर ७४ वर्षं. या ७४ वर्षांत किती गाड्या आल्या, झिजल्या आणि भंगारात गेल्या, याचा आपण कधी विचार करत नाही. बससेवेचा इतिहास म्हटलं की आपण मार्ग, भाडं, संप यांवर बोलतो. पण सेवा टिकते की कोलमडते हे बऱ्याचदा एका कंटाळवाण्या प्रश्नावर ठरतं : जुनी गाडी कधी काढायची आणि नवी कधी घ्यायची?

सुरुवातीपासून बघू. पहिल्या एसटी गाड्या बेडफर्डच्या. बॉडी लाकडी, सीटमध्ये काथ्या, बसायला जेमतेम तीस माणसं. त्या काळात ताफ्यात दहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या. शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट. ऐकायला भारी वाटतं ना? पण डेपोतल्या मेकॅनिकच्या जागी उभे राहून बघा. दहा प्रकारचे क्लच, दहा प्रकारचे ब्रेक, आणि एकाचा भाग दुसऱ्याला बसत नाही. माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे एकाच कंपनीत दहा वेगळ्या भाषांमध्ये लिहिलेल्या सिस्टिम असल्या की नवीन माणूस पहिले सहा महिने नुसता गोंधळलेला असतो. तीच गत.

पुढे देशातच चासी बनायला लागल्या. टाटांनी १९५४ मध्ये डेमलर-बेंझबरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली, १९५५ मध्ये अशोक मोटर्सचं अशोक लेलँड झालं. हळूहळू एसटीचा ताफा मुख्यतः या दोन नावांवर आला. चासी कंपनीकडून घ्यायची आणि बॉडी आपल्याच कार्यशाळेत बांधायची. पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादला म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा, आणि नागपूरला हिंगणा. या तीन मध्यवर्ती कार्यशाळांमधून अर्ध्या महाराष्ट्राचं बालपण बाहेर पडलंय असं म्हटलं तरी चालेल.

आता बॉडीची गंमत ऐका. लाकडाच्या जागी पोलाद आलं, कारण मजबुती हवी होती. पण पोलाद गंजतं, आणि कोकणात तर खाऱ्या हवेनं फारच लवकर. म्हणून १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियमची बॉडी आली. त्याच वेळी निळा-चंदेरी रंग जाऊन लाल आला. म्हणजे ‘लाल डबा’ हे नाव ज्या रूपाला मिळालं, त्यामागे गंजही होता! पुढं अनेक दशकं ॲल्युमिनियम चाललं. मग अपघातात प्रवाशांचा बचाव हा मुद्दा वर आला आणि २०१८ च्या आसपास पुन्हा पोलादी सांगाड्याच्या गाड्या बांधायला घेतल्या. काही तर जुन्याच चासीवर नवी बॉडी चढवून. लाकूड, पोलाद, ॲल्युमिनियम, परत पोलाद. यात कोणी चुकलं असं नाही. प्रत्येक वेळी ‘गाडी आधी कशानं मरते?’ या प्रश्नाचं उत्तर बदललं होतं.

मग गाडी म्हातारी नेमकी कधी होते? इथे दोन खर्च बघायचे. पहिला, खरेदीचा. तो जितक्या जास्त वर्षांत विभागाल तितका दर वर्षी कमी पडतो. दुसरा, दुरुस्तीचा. तो दर वर्षी वाढत जातो. दोन्हींची बेरीज केली की सरासरी खर्च आधी उतरतो, एका जागी तळ गाठतो आणि परत चढू लागतो. गाडी काढायची ती त्या तळाच्या आसपास. पण तो तळ सगळ्या गाड्यांचा एकच नसतो. आंबेनळी घाटात रोज ब्रेक जाळणारी गाडी आणि लातूरच्या सपाट रस्त्यावर धावणारी गाडी एकाच दिवशी जन्मल्या तरी एकाच दिवशी म्हाताऱ्या होत नाहीत. म्हणून नुसती वर्षं मोजून भागत नाही, किलोमीटरही बघावे लागतात.

आणि नुसते किलोमीटर बघूनही भागत नाही. मार्च २०२० चं लॉकडाऊन आठवा. त्यानंतर २०२१ च्या नोव्हेंबरपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला कर्मचाऱ्यांचा संप. आगारांत गाड्या महिनोन्‌महिने उभ्या. मीटर थांबला होता, कॅलेंडर थांबलं नव्हतं. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, रबरी पाइप कडक होतात, टायर एकाच जागी दबतात. त्यात १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचा नियम आला : पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवायची नाही. राज्य परिवहनाच्या बसही त्यात आल्या. म्हणजे ‘अजून दोन वर्षं ओढू’ हा पर्यायच बंद.

आता थोडं गणित, घाबरू नका. समजा ताफा १५ हजार गाड्यांचा आणि एका गाडीचं आयुष्य १० वर्षं. मग दर वर्षी १,५०० नव्या गाड्या हव्यात. हा हप्ता आहे, सण नाही. पैसे नाहीत म्हणून चार वर्षं खरेदी टळली तर ६,००० गाड्यांचा अनुशेष. समजा पाचव्या वर्षी सरकारनं मोठ्या मनानं त्या ६,००० एकदम दिल्या. फोटो निघाले, फित कापली. पण दहा वर्षांनी त्या सगळ्या एकदम म्हाताऱ्या होणार आणि तोच खड्डा परत समोर येणार. खरेदीतला खंड भरून निघत नाही, तो पुढे सरकतो.

हे १९५० सालीही माहीत होतं, बरं का. मार्ग परिवहन महामंडळ कायदा त्याच वर्षीचा. त्याच्या २९ व्या कलमात घसारा आणि राखीव निधीची तरतूद आहे. घसारा म्हणजे गाडी झिजते तसे तिच्या बदलीचे पैसे बाजूला काढणं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, घसारा जुन्या किमतीवर धरतात. समजा २० लाखांची गाडी होती. दहा वर्षांत २० लाख साठले, तोवर नवी ३५ लाखांची झालेली असते. दोन, घसारा हा कागदावरचा खर्च. महिनाअखेरीला डिझेल आणि पगार दारात उभे असले की बाजूला काढायचे पैसे तिथंच जातात. तुमची-माझी एसआयपी आधी बंद होते, वीजबिल नंतर, तसंच.

म्हणूनच मग भाड्याच्या गाड्या आल्या. २०१७ च्या शिवशाहीत काही स्वतःच्या, काही खासगी मालकांच्या होत्या. २०२३ मध्ये ५,१५० विजेच्या बसचं कंत्राट झालं, तेही भाडेतत्त्वावर. यात खरेदीचा बोजा टळतो, पण गाड्या वेळेवर येणं दुसऱ्याच्या हातात जातं. आणि विजेची गाडी एकटी येत नाही. आधी आगारात पुरेसा वीजपुरवठा, मग चार्जर, मग गाडी, मग तिच्यासाठी शिकलेला मेकॅनिक. क्रम चुकला की नवी कोरी गाडीही उभीच. २०२४ मध्ये २,१०४ डिझेल गाड्यांची ऑर्डर अशोक लेलँडला गेली, त्या पूर्ण बांधूनच येणाऱ्या. मग दापोडीच्या कारागिरांच्या हातातलं कौशल्य पुढच्या पिढीकडे कसं जाणार, हाही बदलीच्या नियोजनाचाच प्रश्न आहे. यंत्र विकत घेता येतं, हात तयार करावा लागतो.

यात पणाला काय लागलंय? गाड्या कमी पडल्या की मुंबई-पुण्याची फेरी सहसा रद्द होत नाही, ती पैसे मिळवते. आधी जाते ती गावाची मुक्कामी गाडी, नाहीतर कॉलेज सुटल्यावरची शेवटची फेरी. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे. २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पास खिशात असून गाडीच आली नाही, तर घरी एवढंच ठरतं की उद्यापासून पोरीनं जायचं की नाही.

म्हणून पुढच्या वेळी ‘इतक्या हजार नव्या बस येणार’ अशी बातमी आली, तर टाळ्या वाजवा, पण एक प्रश्नही विचारा : आणि पुढच्या वर्षी किती? त्याच्या पुढच्या वर्षी? याचं उत्तर असलं तर समजायचं की नियोजन आहे.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू, तोवर मागचं दार नीट लावून घ्या. टिंग टिंग!