एमबीबीएसनंतरचा लांबचा पल्ला

परभणी : एमबीबीएसची पदवी हाती पडली की शिक्षण संपले, असा समज अनेक घरांत आजही आढळतो. प्रत्यक्षात खऱ्या चुरशीला त्यानंतरच आरंभ होतो. परभणीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दीर्घकाळच्या मागणीनंतर २०२३ मध्ये १०० जागांसह सुरू झाले. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता हा हिशेब धरल्यास त्याची पहिली तुकडी २०२९ च्या सुमारास पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या उंबरठ्यावर उभी राहील. त्यातील किती डॉक्टर पुढे विशेषज्ञ होतात आणि किती जण जिल्ह्यात परततात, यावर गंगाखेड, पालम, जिंतूर येथील रुग्णाला नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागणार की नाही, हे ठरणार आहे. म्हणूनच या परीक्षांची व्यवस्था विद्यार्थ्यांबरोबर पालकांनीही समजून घेणे आवश्यक आहे.

नीट-पीजी : एकच दार

पूर्वी पदव्युत्तर प्रवेशासाठी अखिल भारतीय परीक्षा, राज्याची पीजीएम-सीईटी आणि अभिमत विद्यापीठांच्या स्वतंत्र परीक्षा अशा अनेक पायऱ्या चढाव्या लागत. सर्वांसाठी एकच परीक्षा घेण्याचा पहिला प्रयत्न २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला. तो निकाल २०१६ मध्ये मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. २०१७ च्या प्रवेशांपासून एमडी आणि एमएस या अभ्यासक्रमांसाठी नीट-पीजी बंधनकारक आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळ ही परीक्षा घेते.

परीक्षा संगणकावर होते. बहुपर्यायी २०० प्रश्न, ८०० गुण आणि साडेतीन तासांचा अवधी असे तिचे स्वरूप आहे. अचूक उत्तराला चार गुण मिळतात, तर चुकीच्या उत्तरासाठी एक गुण वजा होतो. २०२४ पासून प्रश्नपत्रिका पाच भागांत विभागलेली असून प्रत्येक भागातील ४० प्रश्नांसाठी ४२ मिनिटे मिळतात. एक भाग संपल्यावर मागे वळता येत नाही. त्यामुळे अवघड प्रश्न शेवटी पाहू, ही जुनी सवय येथे नुकसानकारक ठरते. २०२४ ची परीक्षा दोन सत्रांत झाल्याने गुणांच्या समानीकरणावरून वाद उद्भवला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ३ ऑगस्ट २०२५ ची परीक्षा एकाच सत्रात घेण्यात आली.

एम्स, चंडीगडची पीजीआय, पुद्दुचेरीची जिपमर आणि बंगळुरूची निम्हान्स या संस्थांचे प्रवेश मात्र नीट-पीजीतून होत नाहीत. त्यांच्यासाठी आयएनआय-सीईटी ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. नागपूरच्या एम्सचा मार्गही तिच्यातूनच जातो.

जागा कशा वाटल्या जातात?

शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या पदव्युत्तर जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्यांचे समुपदेशन केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती करते. अभिमत विद्यापीठांच्या सर्व जागाही तिच्याकडेच असतात. उरलेल्या निम्म्या शासकीय जागा आणि राज्यातील खासगी महाविद्यालयांचे प्रवेश राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष पाहतो. अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना साडेसात, इतर मागासवर्गीयांना २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण आहे. यापैकी शेवटची दोन आरक्षणे २०२१ पासून लागू झाली.

केवळ रहिवासाच्या आधारे पदव्युत्तर जागा राखून ठेवणे घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी दिला. त्याच संस्थेत शिकलेल्यांना वाजवी प्राधान्य देण्याची मुभा मात्र कायम राहिली.

शाखेची निवड निर्णायक

क्रमांक मिळाल्यावरही परीक्षा संपत नाही. क्ष-किरणशास्त्र, त्वचारोग आणि औषधवैद्यक या शाखांकडे ओढा मोठा असतो. दुसरीकडे शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांसारख्या शाखांच्या जागा रिकाम्या राहतात. त्या भराव्यात म्हणून २०२३ मध्ये पात्रतेची पर्सेंटाइल मर्यादा थेट शून्यावर आणावी लागली होती. जिल्ह्याची गरज निराळीच आहे. शल्यचिकित्सक आहे, पण भूलतज्ज्ञ नाही, म्हणून रुग्णाला रातोरात हलवावे लागते, हा अनुभव ग्रामीण मराठवाड्याला नवा नाही. भूलशास्त्र, बालरोग आणि स्त्रीरोग या शाखांचे मोल तालुक्याच्या ठिकाणीच अधिक जाणवते.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी

प्राथमिक आरोग्य केंद्रात वा ग्रामीण रुग्णालयात सेवा बजावणाऱ्या डॉक्टरांना अभ्यासाला मिळणारा वेळ तोकडा असतो. त्यांच्यासाठी जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केला. महाराष्ट्राने २०२२ मध्ये अशा सेवांतर्गत उमेदवारांसाठी २० टक्के जागांचा निर्णय घेतला.

दुसरा पर्याय राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या दोन वर्षांच्या पदविकांचा आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या या पदविका भूलशास्त्र, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, बालरोग, कुटुंबवैद्यक, नेत्ररोग, क्ष-किरणनिदान, कान-नाक-घसा आणि क्षयरोग व छातीचे विकार यांसारख्या विषयांत आहेत. त्यांचे शिक्षण मान्यताप्राप्त रुग्णालयांत होते आणि प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवरच मिळतो. पदविकेनंतर डीएनबीकडेही वळता येते. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाची मान्यता मात्र स्वतः पडताळून पाहावी.

पदव्युत्तर शिक्षणाचा जिल्ह्यांशी आणखी एक दुवा आहे. २०२० च्या अधिसूचनेनुसार एमडी, एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते.

डीएम, एमसीएच : शेवटची पायरी

हृदयरोग, मूत्रपिंडविकार वा मेंदूविकार या विषयांत डीएम, तर मेंदू शस्त्रक्रिया, मूत्ररोग शस्त्रक्रिया वा प्लास्टिक सर्जरीत एमसीएच करता येते. हे अभ्यासक्रम तीन वर्षांचे असतात. त्यासाठी २०१७ पासून नीट-एसएस घेतली जाते. तिच्यात १५० प्रश्न, ६०० गुण आणि अडीच तास असतात. प्रश्न उमेदवाराच्या मूळ पदव्युत्तर विषयावर आधारित असतात. या स्तरावर सामाजिक आरक्षण नाही. एवढी चुरस असूनही अनेक फेऱ्यांनंतर देशात शेकडो अतिविशेषोपचार जागा रिक्त राहतात.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर आणि लातूर येथे प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून अतिविशेषोपचार रुग्णालये उभी राहिली. परभणीच्या रुग्णांना मुंबई-पुण्याची वाट वाचविण्याची क्षमता त्यांच्यात आहे. पण इमारतीला तज्ज्ञांची जोड मिळाली तरच!

काळ, पैसा आणि बंधपत्र

एकही वर्ष वाया न जाता बारावीनंतर डीएम होण्यास साडेअकरा वर्षे लागतात. त्यात परीक्षेच्या तयारीचा आणि बंधपत्रित सेवेचा काळ मिळवल्यास वयाची तिशी सहज उलटते. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरला शासनाची एक वर्ष सेवा करावी लागते. ती टाळल्यास एमबीबीएससाठी १० लाख, पदव्युत्तरसाठी ५० लाख आणि अतिविशेषोपचारासाठी दोन कोटी रुपये असा दंड राज्याने ठरविला.

हे ध्यानात ठेवा

आंतरवासिता पूर्ण होण्याची अंतिम तारीख प्रत्येक वर्षी माहितीपत्रकात दिली जाते. ती चुकल्यास वर्ष वाया जाते. इतर मागासवर्गीय उमेदवारांना केंद्रीय समुपदेशनासाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, राज्याचे चालत नाही. जात वैधता प्रमाणपत्रासाठी शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. पुढच्या फेरीत मिळालेली जागा सोडल्यास अनामत रक्कम जप्त होऊ शकते. म्हणून पसंतीक्रम भरतानाच खरोखर घ्यावयाच्या शाखा लिहाव्यात.

नवे महाविद्यालय ही परभणीसाठी सुरुवात आहे. येथून पदवी घेतलेला डॉक्टर भूलतज्ज्ञ वा बालरोगतज्ज्ञ होऊन सेलू किंवा पाथरीच्या रुग्णालयात रुजू होईल, त्या दिवशी त्या मागणीचे खऱ्या अर्थाने चीज होईल.