अर्दबीलचा गालिचा



‘गालिचा’ हा शब्द आपण इतक्या सहजपणें उच्चारतों, कीं तो परका आहे हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. फारसींत मोठ्या बिछाइतीला ‘काली’ म्हणतात आणि लहानीला ‘कालीचा’. त्या लहानीचें नांव आपण उचललें आणि लहानमोठ्या सर्वांस सरसकट लावून टाकलें. तिकडे ह्याच वस्तूचें दुसरें नांव ‘फर्श’. ती अंथरणारा तो फरास. आणि पुण्याचे श्रोते ज्या फरासखान्यावरून नित्य जातात-येतात, त्याचें नांव पेशव्यांचे तंबू, कनाती, जाजमें, गालिचे ठेवण्याच्या जागेवरून पडलेलें आहे. आपल्या घरांतील दगडी फरशीसुद्धां ह्याच शब्दाची लेक. नकाशा, हाशिया, किरमिजी, उस्ताद, शागीर्द, कारखाना हे शब्दही तिकडूनच आले. आणि गंमत अशी, कीं हे सारे गालिच्याच्या मागाजवळ रोज कानीं पडावे असेच आहेत. तेव्हां आजचा विषय इराणचा असला, तरी भाषेपुरता तो घरचाच म्हणावयास हरकत नाहीं.

मी गालिच्यांचा व्यापारी नव्हे, कीं कलेचा पारखी नव्हे. जन्मभर मुलांना इतिहास, भूगोल आणि अंकगणित शिकविलें. म्हणून सगळ्या इराणच्या गालिच्यांचें वर्णन करण्याच्या भरीस न पडतां एकाच गालिच्याची हकीकत, थोड्या हिशेबासह, सांगणार आहें.

हा गालिचा लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे. लांबी सुमारें साडेदहा मीटर, रुंदी सव्वापांच मीटरांहून थोडी अधिक. चाळींतल्या दोन खोल्या एकापुढें एक मांडल्या तरी तो त्यांत मावावयाचा नाहीं. गडद निळ्या जमिनीवर वेलबुट्टी, मधोमध पिवळसर तेजाचें मोठें पदक, त्याच्याभोंवतीं सोळा टोंकदार पाकळ्या, आणि पदकाच्या दोन्ही अंगांस साखळीनें टांगल्यासारखा एकेक दिवा. हे दिवे सारख्या आकाराचे नाहींत; एक मोठा, एक लहान. कां, ह्यावर विद्वानांनीं पुष्कळ शाई खर्चिली आहे. ती आपण तूर्त त्यांच्याकडेच राहूं देऊं. गालिच्याच्या एका टोंकाला एक चौकट आहे. तींत हाफिजाची एक द्विपदी आणि तिच्या खालीं, आपणांस त्या उंबरठ्याचा दास म्हणविणाऱ्या एका माणसाचें नांव विणलें आहे: मकसूद काशानी. साल हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४०. इराणच्या गादीवर त्या वेळीं सफवी घराण्याचा शहा तहमास्प होता, आणि ह्या घराण्याचा मूळपुरुष शेख सफी ह्याचा दर्गा अर्दबील येथें आहे. त्या दर्ग्यावरूनच गालिच्यास हें नांव पडलें.

आतां गालिचा विणतात म्हणजे काय करतात, हें सांगितलें पाहिजे. आपल्याकडची सतरंजी आणि गालिचा ह्यांत मुळांतच फरक आहे. सतरंजींत रंगीत बाणा ताण्यांतून फिरतो आणि नक्षी त्यांतूनच उमटते. गालिच्यांत ताणा-बाणा हा केवळ सांगाडा. नक्षी ती तिसऱ्याच धाग्याची. विणकर मागापुढें फळीवर बसतो, ताण्याचे दोन उभे धागे बोटांनीं पुढें घेतो, रंगीत लोकर त्यांच्याभोंवतीं अडकवितो, खालीं ओढून घट्ट करतो आणि सुरीनें कापतो. झाली एक गांठ. तिला गांठ म्हणावयाचें, पण खरें पाहतां तो नुसता वेढा आहे. तो जागच्या जागीं राहतो तो शेजारच्या गांठींच्या दाटीनें. अशी एक ओळ पुरी झाली, कीं बाण्याचे एक-दोन धागे आडवे घालावयाचे, जड फणीनें ठोकून बसवावयाचे, आणि पुढची ओळ धरावयाची. वर आलेलीं लोकरीचीं टोंकें कात्रीनें सारखीं करावयाचीं.

गांठीचे प्रकार दोन. तुर्की गांठ दोन्ही धाग्यांस सारखाच विळखा घालते. इराणी गांठ एका धाग्यास वेढा घालून दुसऱ्याच्या नुसती मागून जाते. हिनें बारीक वळणें अधिक सफाईनें काढतां येतात. युरोपांतील व्यापाऱ्यांनीं ह्या इराणी गांठीला ‘सेन्ना गांठ’ असें नांव दिलें, कारण सेन्ना, म्हणजे आजचें सनंदज, हें गालिच्यांबद्दल प्रसिद्ध गांव. आणि त्या गांवचे विणकर मात्र तुर्की गांठच घालीत आले आहेत! पुस्तकांतल्या नांवावर किती विसंबावें, ह्याचें हें उदाहरण मी वर्गांत नेहमी देत असें.

रंगांची कथाही अशीच ऐकण्याजोगी आहे. तांबडा रंग रुनासाच्या मुळांचा. ही वनस्पति आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण. निळा रंग निळीचा. डाळिंबाच्या साली, अक्रोडाचीं हिरवीं टरफलें, हीं पिवळ्या-तपकिरी छटांसाठीं. काळसर रंग पक्का करण्यास लोहाचा क्षार वापरीत. लोह लोकरीला हळूहळू खातें, म्हणून जुन्या गालिच्यांत नेमका तेवढाच भाग झिजून खोल जातो आणि भोंवतालची नक्षी कोरल्यासारखी वर येते. जुन्या गालिच्याची शोभा म्हणून जी आपण वाखाणतों, तींतली कांहीं अशी झिजेची असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतून डांबरी रंग आले. ते स्वस्त होते, भडक होते, आणि प्रारंभींचे रंग उन्हांत उडत. नासिरुद्दीन शहाच्या कारकीर्दींत त्यांना बंदी झाली; पण स्वस्त वस्तूला बंदी कितपत मानवते हें आपण जाणतोंच.

आतां हिशेब. अर्दबीलच्या गालिच्यांत अडीच कोटींहून अधिक गांठी आहेत. चांगला कसबी विणकर दिवसभरांत आठ हजार गांठी घालतो असें धरूं. अडीच कोटींस आठ हजारांनीं भागा: तीन हजार एकशें पंचवीस दिवस. म्हणजे एकट्या माणसानें एकही सुटी न घेतां साडेआठ वर्षें. अर्थात् तो एकट्यानें विणलेला नाहीं. एवढ्या रुंदीच्या मागावर एका वेळीं आठ-दहा विणकर बसूं शकतात. शिवाय हा गालिचा एकटा नव्हता. त्याच्याच जोडीचा, त्याच नक्षीचा दुसराही होता. म्हणजे सगळ्या मिळून पांच कोटी गांठी, आणि नांव एक. मकसूदानें त्यांतल्या किती गांठी स्वतः घातल्या असतील? बहुधा तो नकाशा काढणारा किंवा कारखान्यावर देखरेख करणारा उस्ताद असावा. हातांचीं नांवें कोणी विणलीं नाहींत.

हें भागाकाराचें उदाहरण मी सातवीच्या वर्गांत वर्षानुवर्षें घालीत असें. उत्तर आल्यावर मुलें तोंडांत बोट घालीत, आणि मग मी कोठेंतरी वाचलेलें एक वाक्य मोठ्या रसानें सांगत असें, कीं इतक्या बारीक गांठींस लहान मुलांचीं नाजूक बोटेंच लागतात. एका वर्षीं मागच्या बांकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, मग तीं मुलें शाळेंत केव्हां जात?” वर्ग हंसला. मीही हंसलों आणि “तो काळ वेगळा होता, बस खालीं” असें म्हणून पुढचें उदाहरण फळ्यावर लिहिलें. तिला उत्तर दिलें नाहीं हें खरें. पण तेव्हां मला तें येतही नव्हतें, हें त्याहून खरें.

तें उत्तर मला पुष्कळ वर्षांनीं केरमानच्या इतिहासांत सांपडलें. तेथें येण्यापूर्वीं मधला काळ थोडक्यांत सांगतों. सफवी राज्य हा ह्या कलेचा सुवर्णकाळ. शहा अब्बासानें १५९८ मध्यें इस्फहानास राजधानी नेली आणि तेथें दरबारी कारखाने भरभराटले. पोलंडच्या राजानें १६०१ मध्यें एका आर्मेनियन व्यापाऱ्यास खास काशानला धाडून रेशमी गालिचे विणवून घेतले. हुमायून इराणांतून परतल्यावर इराणी कसबाची दृष्टि मोंगल दरबारांत आली, आणि अकबराच्या काळीं आग्रा, फत्तेपूर व लाहोर येथें गालिच्यांचे कारखाने होते, हें अबुल फजलानें नमूद करून ठेवलें आहे. १७२२ मध्यें अफगाणांनीं इस्फहान घेतलें आणि दरबारी कारखाने संपले. कला मात्र संपली नाहीं. ती खेड्यांत आणि मेंढपाळ टोळ्यांच्या तंबूंत, जमिनीवर पसरलेल्या आडव्या मागांवर, बायकांच्या हातीं राहिली. राजे गेले तरी तंबूला अंथरूण हें लागतेंच.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेंतील श्रीमंत घरांना इराणी गालिच्यांचें वेड लागलें. तब्रीझचे व्यापारी पुढें सरसावले, झीग्लर नांवाच्या मँचेस्टरच्या पेढीनें सुलतानाबादेस ठाण मांडलें, आणि शहरोशहरीं माग वाढले. केरमानची लोकर मऊ आणि तेथील नक्षी अति बारीक. तेथें नकाशा पाहून विणण्याऐवजीं एक जण रंगांची संख्या सुरावर म्हणत जाई आणि मागावरचे विणकर ती तशीच सुरांत परत म्हणत गांठी घालीत. परदेशी प्रवाशांनीं ह्या गाण्याचें फार गोड वर्णन केलें आहे. परंतु तें गाणारे पुष्कळसे विणकर सहा-सात-आठ वर्षांचीं मुलें होतीं. पहांटेपासून सांजेपर्यंत अंधाऱ्या, ओलसर जागेंत अरुंद फळीवर पाय दुमडून बसल्यानें त्यांचीं हाडें वांकत. ज्या मुली वाढून बाया झाल्या, त्यांच्या कटीचीं हाडें वांकडीं वाढल्यामुळें त्यांस बाळंतपण जिवावरचें होई. केरमानच्या मिशन-दवाखान्यांतील डॉक्टरांनीं हें जवळून पाहिलें. प्रकरण जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीपर्यंत गेलें, आणि १९२३ च्या डिसेंबरांत केरमानच्या सुभेदारानें हुकूम काढला: कामाचा दिवस आठ तासांचा, आठ वर्षांखालील मुलगे व दहा वर्षांखालील मुली मागावर बसवूं नयेत, तळघरांत, ओलींत माग मांडूं नयेत. हुकूम निघाला तितक्या वेगानें तो पाळला गेला नाहीं. पण मनाई कशाची करावी लागली, हें त्यावरून लख्ख दिसतें. मागच्या बांकावरच्या त्या मुलीचें उत्तर तें हेंच. तीं मुलें शाळेंत जात नसत.

अर्दबीलच्या गालिच्यावर मुलें बसलीं होतीं असें मी म्हणत नाहीं. तसा पुरावा नाहीं आणि पुराव्यावांचून बोलूं नये असें मीच शिकविलें आहे. शिवाय हें पाप एकट्या इराणच्या माथीं मारावयाचें कारण नाहीं. इंग्रजी अमदानींत आपल्या येरवड्याच्या तुरुंगांत गालिचे विणवून घेत, आणि विंडसरच्या वाड्यांतील वॉटर्लू दालनाचा प्रचंड गालिचा आग्ऱ्याच्या तुरुंगांतील कैद्यांनीं विणलेला आहे.

आतां त्या जोडीचें काय झालें तें सांगून टाकतों. एकोणिसाव्या शतकांत हे दोन्ही गालिचे इराणांतून बाहेर पडले तेव्हां ते फार झिजलेले होते. दुरुस्ती करणाऱ्यांनीं युक्ति काढली: एक कापून दुसऱ्यास ठिगळें लावलीं. ज्यास ठिगळें लागलीं तो धड दिसूं लागला. विल्यम मॉरिस ह्या थोर नक्षीकारानें त्याची भलामण केली आणि १८९३ मध्यें संग्रहालयानें दोन हजार पौंडांस तो विकत घेतला. जो कापला गेला, तो किनार गमावून आखूड झालेला, कित्येक वर्षें लोकांच्या दृष्टिआडच राहिला. शेवटीं तो पॉल गेटी ह्या अमेरिकन तेलसम्राटाच्या हातीं आला आणि १९५३ मध्यें त्यानें तो लॉस एंजलिसच्या संग्रहालयास दिला. सख्ख्या भावांपैकीं एक लंडनला, एक अमेरिकेंत. कापण्याची ही रीतही जुनीच. अरबांनीं इ. स. ६३७ मध्यें इराणच्या बादशहाची राजधानी तिसफोन घेतली, तेव्हां रत्नें व सोनें जडविलेला, वसंतांतल्या बागेचें चित्र असलेला एक अवाढव्य गालिचा त्यांस मिळाला. त्याचे तुकडे करून वांटणी झाली, असें तबरी हा इतिहासकार लिहितो.

२०१० मध्यें काशान आणि फार्स येथील गालिचे विणण्याच्या कसबास युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. काशान म्हणजे मकसूदाचें गांव. तेथें हें काम मुख्यतः बायकाच करतात. आई आणि आजी लेकी-नातींना हाताशीं बसवून शिकवितात. फार्सच्या भटक्या कश्काई टोळ्यांतील स्त्रिया तर नकाशा समोर ठेवीतच नाहींत. डोक्यांतली नक्षी थेट बोटांत उतरते, म्हणून त्यांचे दोन गालिचे कधीं अगदीं सारखे होत नाहींत.

लंडनचा गालिचा पूर्वीं भिंतीवर टांगलेला असे. २००६ पासून तो विणणाऱ्यांनीं योजल्याप्रमाणें जमिनीवर, कांचेच्या मोठ्या पेटींत अंथरला आहे. उजेडानें रंग विटूं नयेत म्हणून तेथें नेहमीं मंद अंधार असतो. दर तासाला आणि दर अर्ध्या तासाला दहा मिनिटें दिवे उजळतात, तेवढ्या वेळांत लोक वांकून मकसूदाचें नांव शोधतात, आणि दिवे पुन्हां मंद होतात.