लग्नाची सीडी आणि मुक्त स्रोत : एका निवडीचा इतिहास

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, सीडी-डीव्हीडी राइट करायचं सॉफ्टवेअर, यात इतिहास तो कसला? तर आधी आपल्या मीरा-भाईंदरचे आकडे बघा. २००१ च्या जनगणनेत इथली वस्ती पाच लाख वीस हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती आठ लाख नऊ हजारांवर गेली. मधेच, २००२ मध्ये, नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शहर ज्या दहा वर्षांत असं वाढलं, तीच घरगुती चकतीची दहा वर्षं. मुंबईतून, कोकणातून, गुजरात-राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून लोक इथे आले. लग्न इथे लागायचं आणि त्याची सीडी गावी जायची. ती गावच्या प्लेअरवर चालायलाच हवी, ही अट लक्षात ठेवा. पुढची सगळी निवड या अटीवर ठरली.

व्हिडिओ सीडीचं मानक १९९३ चं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि एका चकतीत साधारण ७४ मिनिटं. म्हणजे तीन तासांच्या लग्नाला तीन चकत्या! मग डीव्हीडी आली : ७२० बाय ५७६ ठिपके, ४.७ जीबी जागा, दोन तास आरामात. २००७ मध्ये मोझर बेअरने चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांत आणि डीव्हीडी ३४ रुपयांत विकायला काढली, तेव्हा प्लेअर ही घरोघरची वस्तू झाली.

आता ज्याच्या संगणकावर लिनक्स होतं, त्याने काय करायचं? इथे एक घोटाळा कायम व्हायचा. व्हिडिओची फाइल चकतीवर नुसती उतरवली, तर ती झाली डेटा डिस्क. संगणक ती वाचतो, पण गावचा साधा प्लेअर बऱ्याचदा वाचत नाही. खरं काम चार टप्प्यांचं. चित्रीकरण एमपेग-२ मध्ये बदलायचं. त्यातून मेनू आणि प्रकरणांसह व्हिडिओ-टीएस हा फोल्डर बांधायचा. त्याची प्रतिमा-फाइल करायची. आणि मग ती चकतीवर लिहायची. मुक्त स्रोताच्या जगात या चार टप्प्यांना चार वेगळी अवजारं होती : एफएफएमपेग, डीव्हीडीऑथर, एमकेआयएसओएफएस आणि सीडीरेकॉर्ड किंवा ग्रोआयएसओएफएस. १९९८ मध्ये सुरू झालेलं के-थ्री-बी, उबुंटूने २००८ मध्ये सोबत दिलेलं ब्रासेरो, ही मुख्यतः या अवजारांवर चढवलेली खिडकी. म्हणून जाणकार सांगायचे, बांधणी डीव्हीड या प्रोग्रॅममध्ये करा आणि लिहिण्याचं काम के-थ्री-बीकडे द्या.

पण मग हे सगळं पहिल्या दिवसापासून सोबत का मिळत नव्हतं? कारण पेटंट. एमपेग-२ वर अनेक कंपन्यांचे हक्क होते. अमेरिकेतलं शेवटचं पेटंट २०१८ मध्ये संपलं. तोवर बऱ्याच लिनक्स वितरणांनी हा भाग बाहेर ठेवला, आणि तो आपला आपण मिळवावा लागे.

दुसरा तंटा घरातलाच. सीडीरेकॉर्डचे कर्ते योर्ग शिलिंग यांनी २००६ मध्ये आपल्या संचातल्या बऱ्याच भागाचा परवाना बदलून सीडीडीएल केला. डेबियनचं म्हणणं, हा परवाना जीपीएलशी जुळत नाही. त्यांनी जुन्या जीपीएल प्रतीवरून सीडीआरकिट हा वेगळा संच काढला आणि सीडीरेकॉर्डच्या जागी वोडिम आलं. बहुतेक वापरणाऱ्यांच्या हे लक्षातही आलं नाही, कारण वरची खिडकी तीच राहिली. मात्र २०१० नंतर सीडीआरकिटची नवी आवृत्ती आली नाही. फाटा फोडायला परवाना पुरतो हो, पण चालवायला माणसं लागतात. तेव्हा सॉफ्टवेअर निवडताना खिडकी किती देखणी आहे यापेक्षा खालचं अवजार आज कोण सांभाळतंय, हे विचारायचं.

हे सगळं आज सांगायचं कारण? नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हच नाही, आणि घरी राइट केलेल्या चकतीवरचा रंगाचा थर ऊन-उष्णतेने खराब होतो. कपाटातली ती लग्नं, बारशी, गेलेल्या माणसांचे आवाज यांच्या हातात फार वेळ नाही. डीव्हीडीवरच्या व्हीओबी फाइल सरळ कॉपी करा, व्हीएलसीवर चालतात. व्हीसीडीचं वेगळं. तिची डॅट फाइल लिनक्सवर नुसती ओढली तर बहुधा चूक दाखवते, कारण तिचे सेक्टर वेगळ्या पद्धतीचे असतात. त्यासाठी व्हीसीडीइमेजर संचातलं व्हीसीडीएक्सरिप वापरा. ओरखडे पडलेल्या डीव्हीडीसाठी डीडीरेस्क्यू. ही जुनी अवजारं आजही मिळतात, कारण त्यांचा स्रोत उघडा आहे आणि एखादी कंपनी बुडाली म्हणून तो बंद होत नाही. मोझर बेअर दिवाळखोरीत गेली, पण तिच्या चकत्या आपल्या कपाटात आहेत. त्या उघडण्याची सोय आहे. वेळ आपण काढायचा आहे.

आता प्रश्न घेऊया.