काळा धूर मुद्दाम सोडणारे ट्रक आणि अमेरिकेचा कायदा

अमेरिकेतल्या पिकअप ट्रकमधून भसाभस काळा धूर निघतानाचे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर अधूनमधून येतात. तिकडे याला 'रोलिंग कोल' म्हणतात. गाडी बिघडलेली नसते बरं का. पैसे मोजून तशी करून घेतलेली असते.

आधी मागे जाऊ. ऑक्टोबर 1948, पेनसिल्व्हेनियातलं डोनोरा गाव. जस्ताच्या कारखान्याचा धूर वरच्या उबदार हवेखाली अडकला आणि चार-पाच दिवस गावावर बसून राहिला. शाळेची फुटबॉल मॅचसुद्धा त्याच धुरात खेळली गेली. 20 माणसं गेली, हजारो आजारी पडली. कारखाना बंद झाला तो रविवारी सकाळी, आणि त्याच दिवशी पाऊस आला. अशा घटनांतूनच पुढे 1970 चा 'क्लीन एअर अॅक्ट' आला. सही केली रिपब्लिकन निक्सननी. आज त्याच पक्षाचे कितीतरी समर्थक या कायद्याला शिव्या घालतात, हे मला गमतीचं वाटतं.

गाडीतली प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढणं या कायद्याने बेकायदेशीर आहे. 1990 च्या दुरुस्तीनंतर तर ती निकामी करणारे पार्ट विकणंही.

आता धुराचं. आपल्याकडे जशा बैलगाडा शर्यती, तशा तिकडे ट्रकने वजन ओढायच्या स्पर्धा. ताकद वाढवायला इंजिनात जादा डिझेल सोडायचं. हवा पुरत नाही, मग न जळलेल्या डिझेलची काजळी होऊन बाहेर पडते. 2007 पासून नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर आला, तर लोकांनी तोच काढून टाकला आणि गाडीचा कॉम्प्युटर बदलून घेतला. पुढे 2014 च्या सुमारास हा छंद राजकीय झाला. धूर कुणावर? सायकलवाल्यांवर, प्रियससारख्या हायब्रिड गाड्यांवर. 2015 मध्ये न्यू जर्सीने बंदी घातली, 2017 मध्ये कोलोरॅडोने 100 डॉलर दंड लावला.

खरी गोम वेगळीच आहे. पर्यावरण खात्याने 2020 मध्ये हिशेब मांडला, तर दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त पिकअपची यंत्रणा काढलेली निघाली. एकेका मालकाला पकडणार कोण? म्हणून खातं पार्ट विकणाऱ्यांच्या मागे लागलं. यूटामध्ये तर डॉक्टरांच्या संघटनेनेच टीव्हीवर गाजलेल्या 'डिझेल ब्रदर्स'ना कोर्टात खेचलं आणि 2020 मध्ये त्यांना दंड झाला.

आणि मोठे मासे? आपल्या पुण्यात जिचं नाव घरोघरी ठाऊक आहे, त्या कमिन्सच्या मूळ अमेरिकन कंपनीवर सरकारने आरोप केला, की रॅम पिकअपच्या लाखो इंजिनांत चाचणीला चकवणारं सॉफ्टवेअर होतं. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण 2024 च्या तडजोडीत 167 कोटी डॉलरहून जास्त दंड भरायला तयार झाली. या कायद्याखालचा तो तोवरचा सगळ्यात मोठा दिवाणी दंड.